गोरिलांच्या डोंगरात एक तास

एखाद्या अभयारण्यात मुलांची सहल नेली की दारातच नियमांची पाटी भेटते. आवाज करू नका, खाऊ टाकू नका, पायवाट सोडू नका. मुले पाटी वाचतात, आपण ती पाळायला लावतो आणि सहल पार पडते. पाटीवरचा एकेक नियम आला कुठून, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या लेखात आपण अशाच एका पाटीची चौकशी करू. पाटी दूरची आहे, मध्य आफ्रिकेतल्या रवांडा या देशातली. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढी जमीन होईल तेवढा हा देश. त्याच्या वायव्य कोपऱ्यात ज्वालामुखींच्या उतारावर एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात पहाडी गोरिला राहतात. ते पाहायला जगभरातून लोक येतात. त्यांना जे सांगितले जाते ते थोडक्यात असे :

एका कळपाकडे दिवसातून एकदाच आणि जास्तीत जास्त आठ पाहुणे जातील. कळप दिसल्यापासून फक्त एक तास थांबता येईल. गोरिलापासून १० मीटर दूर राहावे. नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सर्दी, खोकला, ताप असेल त्याने आधीच सांगून मागे थांबावे. जंगलात शौचाची वेळ आलीच तर खोल खड्डा करून तो बुजवावा.

या एका तासासाठी परदेशी पाहुण्याला १५०० डॉलर, म्हणजे एक लाख रुपयांहून अधिक, शुल्क भरावे लागते. एवढे पैसे मोजून फक्त एकच तास? आणि तोही दहा मीटरांवरून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला भूगोल, प्राणिशास्त्र, रोगशास्त्र आणि एका भीषण युद्धाचा इतिहास या सगळ्यांतून जावे लागेल.

डोंगर आणि शेते

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात भूकवच ताणले जात आहे. या ताणामुळे लांबच लांब खचदऱ्या तयार झाल्या. त्यांच्या पश्चिम शाखेत टांगानिका, किवू, एडवर्ड आणि आल्बर्ट ही सरोवरे एका माळेत ओवल्यासारखी दिसतात. वर्गात नकाशा असेल तर मुलांना ती बोटाने जोडून पाहायला सांगावे. किवू सरोवराच्या उत्तरेला या ताणलेल्या कवचातून शिलारस वर आला आणि आठ ज्वालामुखींची रांग उभी राहिली. तिचे नाव विरुंगा.

आपला सह्याद्रीही लाव्हाच्या थरांचाच; पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. विरुंगाचे डोंगर त्या मानाने अगदी कोवळे. त्यांतले सहा शांत आहेत. न्यीरागोंगो आणि न्यामुलागिरा हे दोन अजून जागे आहेत. न्यीरागोंगोचा लाव्हा २००२ साली काँगोमधल्या गोमा शहरातून वाहत गेला, आणि २०२१ साली पुन्हा शहराच्या वेशीपर्यंत आला. रांगेतले सर्वांत उंच शिखर करिसिंबी, ४५०७ मीटर. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) जवळजवळ पावणेतीनपट. त्याच्या माथ्यावर कधीकधी गारा किंवा बर्फ साचून तो पांढरा दिसतो. स्थानिक भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. रांगेतल्या साबिन्यो या शिखरावर रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात.

डोंगर चढू लागले की जंगलाचे मजले लागतात. सर्वांत खाली बांबूची बेटे. त्यांच्या वर हागेनिया नावाच्या, शेवाळाने लगडलेल्या वृक्षांचे विरळ वन. त्याच्या तळाशी रानटी सेलरी, काटेरी झुडपे आणि अंगाला लागताच आग होणाऱ्या खाजऱ्या पाल्याचे रान. त्याहून वर माणसाच्या उंचीची लोबेलियाची झाडे आणि मग गवत व खडक. गोरिलांचे अन्न आहे ते मुख्यतः या पहिल्या दोन मजल्यांवर. फळे इथे फारशी नाहीत. पाला, देठ, साली, आणि पावसात फुटणारे बांबूचे कोंब हेच त्यांचे जेवण. अशा अन्नात सत्त्व कमी म्हणून ते पुष्कळ खावे लागते. दीडशे किलोंहून जड असलेला नर दिवसाचा मोठा भाग चरण्यातच घालवतो.

आता खाली पाहू. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती सुपीक असते. पाऊस भरपूर आणि उंचीमुळे हवा थंड. त्यामुळे बटाटा आणि घेवडा उत्तम येतो. साहजिकच माणसांची वस्तीही दाट. २०२२ च्या जनगणनेनुसार रवांडात दर चौरस किलोमीटरला सुमारे ५०० माणसे राहतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत हा आकडा ३६५ होता. उद्यानाच्या सीमेवर उभे राहिले तर एका पावलावर बटाट्याचा वाफा आणि दुसऱ्या पावलावर जंगल, असे दृश्य दिसते. गोरिलाला जी माती हवी तीच बटाट्यालाही हवी. पुढच्या सगळ्या झगड्यांच्या मुळाशी ही साधी गोष्ट आहे.

शिकारी, राजा आणि शेवंती

शास्त्रज्ञांना पहाडी गोरिलाची ओळख झाली ती बंदुकीच्या नळीतून. १९०२ साली फोन बेरिंगे नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने साबिन्योच्या उतारावर दोन गोरिला मारले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अवशेषांवरून या प्राण्याचे वर्णन झाले आणि त्याच्या शास्त्रीय नावात मारणाऱ्याचेच नाव जडले. १९२१ साली कार्ल एकली हा अमेरिकी संग्रहालयासाठी पेंढा भरायचे गोरिला मारायला आला. आपण काय मारतो आहोत हे जवळून पाहिल्यावर त्याचे मन पालटले आणि या प्राण्याला अभय मिळावे म्हणून तो खटपट करू लागला. तेव्हा हा प्रदेश बेल्जियमच्या ताब्यात होता. १९२५ साली राजा आल्बर्टच्या नावाने इथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आफ्रिका खंडातले ते पहिले. पुढच्याच वर्षी एकली याच डोंगरात वारला आणि तिथेच त्याला पुरले.

उद्यान जाहीर करताना तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मध यांवर जगणारे बात्वा लोक होते. कायद्याने ते आपल्याच घरात चोर ठरले. युगांडाच्या बाजूला तर १९९१ साली नवी उद्याने करताना त्यांना सरसकट बाहेर काढले गेले. हे करणे बेकायदा होते आणि त्यांना भरपाई मिळायला हवी, असा निर्णय तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ साली दिला. म्हणजे तीस वर्षांनी.

१९६० आणि १९६२ साली काँगो आणि रवांडा स्वतंत्र झाले आणि उद्यानाचे दोन देशांत दोन भाग पडले. रवांडाच्या भागावर लगेच संकट आले. ते आले एका फुलाच्या रूपाने. पायरेथ्रम हे शेवंतीच्या कुळातले पांढरे फूल. त्याच्या वाळलेल्या फुलांतून मिळणारे द्रव्य कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालते. डासांच्या उदबत्त्यांत पूर्वी हेच वापरत. हे पीक थंड डोंगराळ हवेत चांगले येते आणि युरोपात त्याला मागणी होती. १९६९ च्या सुमारास युरोपीय पैशाच्या आधाराने उद्यानाचे सुमारे १०,००० हेक्टर जंगल तोडून तिथे पायरेथ्रम लावण्यात आले. आज रवांडाच्या उद्यानाचे एकूण क्षेत्र सुमारे १६० चौरस किलोमीटर, म्हणजे १६,००० हेक्टर आहे. त्यावरून किती मोठा लचका तुटला याची कल्पना यावी. गंमत अशी की, पुढे कृत्रिम कीटकनाशके स्वस्त झाली आणि फुलाची बाजारपेठ घसरली. जंगल गेले ते गेलेच.

न दिसणाऱ्यांची गणती

गोरिला किती उरले होते? दाट झाडीत, उभ्या चढावर, माणसाची चाहूल लागताच पळणारा प्राणी मोजायचा कसा?

यासाठी त्याची एक सवय उपयोगी पडते. प्रत्येक गोरिला रोज संध्याकाळी फांद्या आणि पाला वाकवून झोपायला नवे अंथरूण करतो. अगदी लहान पिल्ले तेवढी आईजवळ झोपतात. सकाळी उठताना बहुतेक गोरिला अंथरुणातच किंवा त्याच्या कडेला विष्ठा टाकतात. म्हणून मोजणारे आदल्या रात्रीच्या अंथरुणांचा माग काढतात. विष्ठेच्या आकारावरून प्राणी मोठा नर, मादी की पिल्लू हे समजते. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात. तसे केस अंथरुणात सापडले तर तो रुपेरी नराचा बिछाना. एकाच कळपाची लागोपाठची तीन रात्रींची अंथरुणे मोजून आकडा पक्का करतात.

तरीही चूक राहते. एखादा गोरिला रात्रीतून दोन अंथरुणे करतो. दोन कळप एकच समजले जातात, किंवा उलट. यावर उपाय विष्ठेतच सापडला. आतड्याच्या पेशी विष्ठेबरोबर बाहेर पडतात आणि त्यांतल्या डीएनएवरून प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र ओळख पटते. युगांडातल्या ब्विंडी जंगलात २००६ साली अंथरुणांवरून ३३६ गोरिला मोजले गेले. डीएनए तपासल्यावर खरा आकडा ३०२ निघाला. चौतीस गोरिला दोनदा मोजले गेले होते.

विरुंगामधल्या गणतीचे आकडे असे आहेत. १९६० च्या सुमारास जॉर्ज शालर यांचा अंदाज चार-पाचशेचा होता. १९८१ साली उरले सुमारे २५४. त्यानंतर १९८९ साली ३२४, २००३ साली ३८०, २०१० साली ४८० आणि २०१५-१६ च्या गणतीत ६०४. (या शेवटच्या गणतीत जंगल दोनदा पिंजून काढले होते, त्यामुळे वाढीचा काही भाग अधिक चांगल्या मोजणीचा आहे, हेही सांगितले पाहिजे.) शेतांच्या पट्ट्यापलीकडे असलेल्या ब्विंडीतले ४५९ मिळवले की जगातल्या पहाडी गोरिलांची बेरीज १०६३ होते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्यांचा धोका एका पायरीने कमी दाखवण्यात आला.

मुलांना हे आकडे आलेखावर मांडायला द्यावेत. मग आलेखाखाली १९९० ते २००३ या काळात या डोंगरांत काय चालले होते ते लिहायला सांगावे. कारण आपल्या गोष्टीतले खरे कोडे तिथे आहे.

युद्ध

बेल्जियमच्या राजवटीत रवांडातल्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो हुतू, तुत्सी की त्वा हे छापले जाऊ लागले. एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच टेकडीवर राहणाऱ्या लोकांमधली ही रेघ स्वातंत्र्यानंतर अधिकच खोल झाली. वेळोवेळी झालेल्या कत्तलींमुळे असंख्य तुत्सी देश सोडून गेले होते. त्यांच्या मुलांनी उभारलेल्या सेनेने ऑक्टोबर १९९० मध्ये युगांडातून चढाई केली. पहिला डाव फसल्यावर ही सेना लपली ती विरुंगाच्या थंड, धुक्याने भरलेल्या जंगलात. गोरिलांचे डोंगर युद्धभूमी झाले.

६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडण्यात आले आणि त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत तुत्सींचा ठरवून संहार झाला. त्यांना वाचवू पाहणारे हुतूही मारले गेले. मृतांचा आकडा आठ ते दहा लाखांच्या घरात सांगतात. जुलैमध्ये बंडखोर सेना जिंकली, तेव्हा सूडाच्या भीतीने लाखो हुतू, त्यांत संहार करणारेही, सीमा ओलांडून काँगोत (तेव्हाचे झाईर) गोमा शहराजवळ आले. त्यांच्या छावण्या पडल्या उद्यानाच्या अगदी कडेला.

इथे भूगोल पुन्हा आडवा आला. गोम्याची जमीन गोठलेल्या लाव्हाची. त्या खडकात ना शौचाचे खड्डे खणता येत, ना मृतांना पुरता येत. पावसाचे पाणी भेगांतून खाली निघून जाते, त्यामुळे पिण्यासाठी सरोवराचे दूषित पाणी. कॉलऱ्याची साथ आली. पहिल्या एका महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसे दगावली.

जे जगले त्यांना शिधा मिळाला तो मुख्यतः मका आणि वाळलेला घेवडा. वाळलेला घेवडा शिजायला किती वेळ लागतो हे घरात विचारून पाहावे. सरपण जवळ होते ते फक्त राष्ट्रीय उद्यानात. रोज हजारो माणसे जंगलात जात आणि शेकडो टन लाकूड आणत. दोन वर्षांत शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जंगलाला झळ पोहोचली. यावर फक्त बंदूकधारी पहारा बसवणे हा मार्ग नव्हता. उपाशी माणसाला जंगल वाचवा असे सांगून चालत नाही. मदत करणाऱ्या संस्थांनी बाहेरून ट्रकने सरपण आणले आणि कमी लाकडात पेटणाऱ्या चुली दिल्या. घेवडा भिजवून, झाकण ठेवून शिजवला तर सरपण वाचते, या साध्या गोष्टीचे इथे जंगलाच्या हेक्टरांमध्ये मोल होते.

युद्ध तिथेच थांबले नाही. १९९७ नंतर सुमारे दोन वर्षे रवांडाचे उद्यान पाहुण्यांना बंद होते. १ मार्च १९९९ रोजी युगांडातल्या ब्विंडी येथे बंडखोरांनी गोरिला पाहायला आलेल्या आठ परदेशी पाहुण्यांना ठार मारले. काँगोच्या बाजूला आजवर दोनशेहून अधिक वनरक्षक कामावर असताना मारले गेले आहेत. एप्रिल २०२० मधल्या एकाच हल्ल्यात बारा. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर पुन्हा एका बंडखोर सेनेच्या ताब्यात गेले.

मग गोरिला वाढले कसे?

आलेखाकडे पुन्हा पाहा. १९८९ ते २००३, म्हणजे नेमक्या युद्धाच्या काळात, विरुंगातले गोरिला ३२४ वरून ३८० झाले. गोरिलाची मादी दहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्यांदा विते आणि पुढे साधारण चार वर्षांतून एकच पिल्लू. अशा प्राण्याची संख्या एकदा घसरली की सावरणे अवघड. तरी ती सावरली.

काही गोरिला या काळात मारले गेले, हे खरे. १९९२ साली मृथी नावाचा, पाहुण्यांच्या ओळखीचा रुपेरी नर सैनिकांच्या गोळीला बळी पडला. पण संहार झाला नाही. याचे एक कारण असे की, इथले लोक गोरिलाचे मांस सहसा खात नाहीत. गोरिलांचा घात होतो तो लहान हरणांसाठी लावलेल्या फाशांत हात-पाय अडकून. या फाशांविरुद्ध डायन फॉसी यांनी १९६७ पासून मोहीम चालवली होती. करिसिंबी आणि बिसोके या डोंगरांच्या मध्ये त्यांनी करिसोके हे संशोधन केंद्र उभारले. तिथे त्या गोरिलांचा अभ्यास करीत, फासे तोडीत आणि चोरट्या शिकाऱ्यांशी उघड वैर धरीत. १९८५ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा तिथेच खून झाला.

पण नुसत्या वैराने जंगल वाचणार नाही, असे काही तरुण अभ्यासकांना वाटू लागले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस उद्यानाचा आणखी एक भाग गुरांच्या कुरणासाठी तोडायचे घाटत होते. बिल वेबर आणि एमी व्हेडर यांनी वेगळा हिशोब मांडला : काही कळपांना माणसाची सवय लावू, थोडे पाहुणे शुल्क घेऊन नेऊ, कुरणापेक्षा उत्पन्न जास्त होईल. त्याचबरोबर गावोगावच्या शाळांतून जाऊन हे जंगल शेतांच्या पाण्याचा आधार आहे हे समजावून सांगायचे. १९७९ साली हे काम सुरू झाले. दहा वर्षांत गोरिला पाहायला येणारे पाहुणे हे चहा-कॉफीच्या खालोखाल रवांडाचे परकीय चलन मिळवण्याचे साधन झाले. १९९४ नंतर आलेल्या सरकारलाही हे ठाऊक होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. करिसोके केंद्र युद्धात लुटले गेले, उद्ध्वस्त झाले. पण माग काढणारे स्थानिक लोक जमेल तेव्हा, जमेल तसे जंगलात परतत राहिले. त्यांतल्या अनेकांची घरे उजाडली होती. तरी सकाळी उठून कालच्या अंथरुणांपर्यंत जायचे, तिथून माग काढीत कळप गाठायचा, डोकी मोजायची, फासे तोडायचे, हे काम त्यांनी सोडले नाही.

या रोजच्या भेटीचे मोल एका अभ्यासाने मोजले आहे. १९६७ ते २००८ या एकेचाळीस वर्षांत ज्या कळपांना माणसांची सवय होती आणि ज्यांच्याकडे रोज कुणीतरी जात होते, त्यांची संख्या वर्षाला सरासरी चार टक्क्यांनी वाढली. ज्यांच्याकडे कुणी जात नव्हते, त्यांची थोडी घटली. जंगल एकच, अन्न एकच. फरक होता तो कुणीतरी रोज जाऊन विचारपूस करण्याचा, फास अडकला तर सोडवण्याचा, आजाऱ्याला जागेवरच औषध देण्याचा.

पाटीचा अर्थ

इथे गोष्ट उलटी फिरते. ज्या सवयीने गोरिला वाचले तीच सवय त्यांना धोक्यातही आणते.

पहिला धोका बंदुकीचा. माणसाला न घाबरणारा गोरिला हत्यार घेऊन आलेल्यापासूनही पळत नाही. जुलै २००७ मध्ये काँगोच्या बाजूला सवयीच्या एका कळपातला रुपेरी नर आणि काही माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांस नेले नाही, पिल्लू नेले नाही. प्रेते तशीच टाकून दिली होती. उद्यानातली झाडे जाळून लोणारी कोळसा विकणाऱ्यांच्या टोळ्यांवर संशय गेला. वनरक्षक कोळशाच्या आड येतात, तेव्हा त्यांचे गोरिलाच मारून टाका, असा हा दहशतीचा डाव असावा.

दुसरा धोका अधिक अदृश्य आहे. माणूस आणि गोरिला यांच्या डीएनएमध्ये सुमारे ९८ टक्के साम्य आहे. आपल्या श्वसनमार्गाच्या पेशींना चिकटणारे अनेक विषाणू त्यांच्याही पेशींना चिकटतात. पण आपण त्या विषाणूंना पिढ्यान्‌पिढ्या तोंड देत आलो, गोरिला नाही. गोवरासारखा रोग टिकून राहायला लाखोंची वस्ती लागते. रोज नवी, रोग न झालेली मुले मिळाली तरच त्याची साखळी चालू राहते. दहा-पंधराच्या कळपात हजारभर प्राणी विखुरलेले असताना असे रोग तिथे टिकूच शकत नाहीत. म्हणून त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीही नाही. बाहेरून आला तर मात्र एक खोकला पुरतो. १९८८ साली गोवराच्या संशयावरून ६५ गोरिलांना लस टोचण्यात आली होती. २००९ साली रवांडातल्या एका कळपातले बारापैकी अकरा गोरिला आजारी पडले. एक मादी आणि एक नवजात पिल्लू दगावले. दोघांच्याही शरीरात सापडला तो माणसाला साधी सर्दी देणारा विषाणू.

आता पाटी पुन्हा वाचू. आठच पाहुणे, कारण जितकी माणसे तितकी रोगाची शक्यता. एकच तास, कारण हवेतल्या थेंबांशी संपर्काचा काळ कमी राहावा आणि चरण्यात खंड पडू नये. पंधरा वर्षांखालील मुले नकोत, कारण गोवर, गालगुंड यांसारखे रोग मुलांमध्ये अधिक. अंतर आधी ७ मीटर होते. कोविडच्या साथीनंतर ते १० झाले आणि मुखपट्टी आली. एकेका नियमामागे एकेक कारण आहे, आणि काही कारणांमागे मेलेले गोरिला आहेत.

पण नियम पाळले जातात का? ब्विंडीतल्या एका पाहणीत पन्नासहून थोड्या अधिक भेटींची नोंद केली. जवळजवळ प्रत्येक भेटीत ७ मीटरांचा नियम मोडला गेला होता. कधी गोरिला स्वतःच जवळ येतात, कधी पाहुण्याला छायाचित्र हवे असते. पाटी माहीत असणे आणि तिचे कारण पटणे यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

कुंपणाबाहेर

शेवटी शेतकऱ्याकडे येऊ. उद्यानाच्या कडेने सुमारे ७५ किलोमीटर लांबीची रचीव दगडांची भिंत आहे, आपल्या कोकणातल्या गडग्यासारखी. रानरेडे पिकात येऊ नयेत म्हणून ती बांधली. तरी रेडे येतात, आणि कधीकधी गोरिलाही येतात. बटाट्याचा वाफा गेला की त्या घराचे वर्षाचे गणित बिघडते. ते घर आणि १५०० डॉलर भरणारा पाहुणा यांच्यात अंतर काही शे मीटरच असते.

हे ओळखून रवांडाने २००५ सालापासून उद्यानाच्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा भोवतालच्या गावांना द्यायला सुरुवात केली. २०१७ साली शुल्क दुप्पट केले तेव्हा वाटाही दहा टक्के झाला. त्यातून शाळांचे वर्ग, पाण्याच्या टाक्या, दवाखाने झाले. दहा टक्के पुरेसे आहेत का, आणि ते ज्याचा वाफा गेला त्याच्यापर्यंत पोहोचतात का, यावर तिथेही वाद आहे.

दरम्यान गोरिलांना जागा अपुरी पडू लागली आहे. कळप वाढले तशा त्यांच्या गाठीभेटी वाढल्या. कळपांच्या मारामारीत परका नर दुधावरच्या पिल्लाला मारतो. मग ती मादी लवकर माजावर येते. अशा पिल्लांच्या मृत्यूंमुळे काही भागात वाढीचा वेग मंदावल्याचे अभ्यासकांना दिसले. उपाय म्हणजे जंगल वाढवणे. पण वाढवायचे कुठे? १९६९ साली गेलेल्या जमिनीवर आज कुटुंबे राहतात. उद्यान रुंदावण्याची योजना रवांडाने हाती घेतली आहे. त्या कुटुंबांना दुसरीकडे काय मिळते, यावर ती न्याय्य की अन्याय्य हे ठरेल. बात्वांची गोष्ट विसरता येणार नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा झाला तर दोन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, घेवडा किंवा राजमा एकदा न भिजवता आणि एकदा रात्रभर भिजवून, झाकण ठेवून शिजवावा. लागलेला वेळ आणि इंधन लिहून ठेवावे. दुसरी, मुलांचे चार गट करावेत : बटाटा पिकवणारा शेतकरी, जंगलाबाहेर काढलेले बात्वा कुटुंब, वनरक्षक आणि शुल्क भरून आलेला पाहुणा. मग पाटीवर आठवा नियम कोणता असावा हे चौघांनी मिळून ठरवावे. तो एकमताने ठरायला वेळ लागेल. लागू द्यावा.